पंपवाला आला, पण पाणी आलं का?



हरभऱ्याचे घाटे भरायची वेळ आणि सौर पंप बंद. तक्रार नोंदवली. चार दिवसांनी मेकॅनिक आला, पेटी उघडून पाहिली, "पार्ट आणावा लागेल" म्हणाला आन् गेला. कागदावर भेट झाली. वावरात पाण्याचा थेंब नाही. वरुड-मोर्शीकडं आंबिया बहाराचा ताण तोडल्यावर असा खंड पडला तर संत्र्याची फुलं गळतात. तेव्हा भेटी किती झाल्या हे मोजून उपयोग नाही राजेहो. पहिल्याच भेटीत किती पंप सुरू झाले, ते मोजावं.

गावातल्या सौर पंपधारकांनी मिळून एक वही घालावी. तक्रारीचा क्रमांक व तारीख, मेकॅनिक आला ती तारीख, बिघाड काय, त्याच दिवशी पाणी पडलं का, नसेल तर कारण काय. आणखी एक रकाना अवश्य ठेवा : महिन्याभरात तोच बिघाड परत झाला का? समजा, हंगामात २० तक्रारी झाल्या. १२ पंप पहिल्या भेटीत सुरू झाले, पण त्यातले ३ महिन्याच्या आत त्याच कारणानं पुन्हा बसले. मग खरे ९ च धरा; म्हणजे शंभरात ४५. विहीर आटून बंद पडलेला पंप यात धरू नये, तो काही मेकॅनिकचा दोष नव्हे. आणि दोन-तीन तक्रारींवरून कोणाला नावं ठेवू नका, पुरा हंगाम जाऊ द्या.

थोडं आपल्याकडंही आहे. "पंप बंद आहे" एवढंच कळवलं, तर मेकॅनिक अकोल्याहून तेल्हाऱ्यापर्यंत रिकाम्या हातानं येणार. कंपनीचं नाव, पंप ३, ५ की ७.५ एचपीचा, कंट्रोलरच्या पडद्यावर कोणता आकडा दिसतो, मोटार घुमते की गप्प आहे, वायर उंदरानं कुरतडली का, हे आधीच सांगा. जमल्यास फोटो पाठवा. पेटी मात्र स्वतः उघडू नका. ऊन आहे तोवर पॅनलमधून करंट येतच राहतो, स्विच बंद केला तरी.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ५ वर्षं दुरुस्तीची हमी आहे. म्हणून पाणी पडल्याशिवाय "काम झालं" या कागदावर सही देऊ नये. सही मागितलीच, तर वर "पंप सुरू झाला नाही" असं स्वच्छ अक्षरात लिहून मग करावी.

हंगाम संपला की कारणांचा रकाना वाचा. वरच्या हिशेबात ११ पंप राहिले. त्यातल्या ६ ठिकाणी "पार्ट सोबत नव्हता" असं निघालं, तर तो पार्ट तालुक्याच्या ठिकाणी ठेवावा असा अर्ज, वहीची नक्कल जोडून, कंपनीला आणि महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाला द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.