धावणाऱ्या पावलांची काळजी

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा अहवाल आपणापुढे यापूर्वीच सादर झाला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले आणि स्वतःच्या एका चुकीने जे शिकवले, ते निवेदन करण्याची अनुज्ञा असावी.

पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की गावोगावची मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यांवर धावू लागतात आणि त्यांतील काही जण पुढे आमच्या बाह्यरुग्ण विभागात लंगडत येतात.

अशाच एका शेतमजुराच्या मुलाच्या पायांत थोरल्या भावाचे, दोन नंबर मोठे बूट होते. टोकाला कापडाचे बोळे कोंबलेले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. समाजसेवा अधिकाऱ्यांनी त्याला बूट देण्याविषयी टिप्पणी पाठवली. 'पादत्राणे औषधांत मोडत नाहीत' असा शेरा मारून मी ती परत केली. दीड महिन्याने तो पुन्हा आला. वेदना लपवून तो धावतच राहिला होता. बोटांमागील लांब हाडाला चीर गेली होती. त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. बूट दिले असते तर हे टळले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत; सराव एकाएकी वाढवणे हेही मोठे कारण असते. परंतु तो शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे, याचा मला विसर पडत नाही.

पालकांनी काही लक्षणे ओळखावीत. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच तीव्र दुखत असेल, तर तळव्यातील टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यावर ताण आलेला असतो. टाचेच्या मागे, पोटरीकडे जाणाऱ्या जाड शिरेत दुखत असेल, तर धावणे कमी करून पोटरीचे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकावेत. हाडाच्या एकाच बिंदूवर दाबल्यास कळ येत असेल, तर धावणे तत्काळ थांबवावे. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर घरी चोळत बसू नये, रुग्णालयात यावे.

आता पादत्राणांविषयी. बूट सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. धावताना वापरायचे मोजे घालून, उभे राहून दोन्ही पायांची मापे घ्यावीत व मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. टाच मात्र आत सरकू नये. बूट बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्ये दुमडू नये. महाग बूट म्हणजे सुरक्षित बूट, हे समीकरण खरे नाही. पायाला सुखकर वाटणे ही अधिक विश्वासार्ह कसोटी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर तळ बाहेरून शाबूत दिसला तरी आतील मऊपणा ओसरलेला असतो.

'आम्ही अनवाणीच धावलो' असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे सत्य आहे. १९६४ साली टोकियोत मात्र त्यांनी तीच शर्यत बूट घालून जिंकली. अनवाणी धावण्याची सवय वर्षानुवर्षांची असते. भरतीपूर्वीच्या दोन महिन्यांत ती अंगी बाणत नाही.

विश्वस्त मंडळाने आता गरजू रुग्णांच्या पादत्राणांसाठी स्वतंत्र खाते उघडण्यास मान्यता दिली आहे. देणगीदारांनी आपल्या इच्छेनुसार त्यात भर घालावी, ही नम्र विनंती. हिशेबाच्या वहीत बुटांचा एक जोड ही क्षुल्लक नोंद असते. परंतु ज्या घरात पहिली सरकारी नोकरी यायची आहे, तिथे तिचे मोल निराळे असते. हे मला उशिरा कळले. आपणास वेळेवर कळावे, एवढ्यासाठीच हे निवेदन.