मांजराचं घर आणि कुंडीतला पाम

न्यू जर्सीतल्या आयसेलिनसारख्या गावात थंडीचे चार-पाच महिने दारं-खिडक्या बंद असतात. घरात काहीतरी हिरवं हवं म्हणून दिवाणखान्यात पामची कुंडी येते. मांजर बाहेर जात नसेल, तर पंख्यावर किंवा हीटरच्या झोतावर हलणारी पानं हेच त्याचं खेळणं. ते पंजा मारणार, चावणार. मग पाम विषारी असतो का? या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणणं, दोन्ही धोक्याचं आहे.

मूळचा मादागास्करचा अरेका पाम आणि मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला पार्लर पाम हे दोन्ही एएसपीसीए या जुन्या अमेरिकन प्राणिदया संस्थेच्या यादीत मांजरांसाठी बिनविषारी आहेत. पण दुकानात त्यांच्याच रांगेत सागो पाम मांडलेला असतो, आणि तो पाम नव्हेच. तो सायकस, म्हणजे फुलं न येणारी प्राचीन वनस्पती. जाड, खवल्यांचं बुटकं खोड, त्याच्या डोक्यावर गोलाकार पसरलेली ताठ, चकचकीत, गडद पानं, प्रत्येक पातं टोकाला सुईसारखं टोचणारं. त्याचा प्रत्येक भाग विषारी आणि बी सर्वांत जहाल. त्यातलं सायकासिन पोटात गेलं की आतड्यातल्या जिवाणूंमुळे त्याचं विघटन होतं आणि त्यातून यकृत नासवणारं द्रव्य तयार होतं. आधी उलट्या, लाळ, मरगळ. मग दोन-तीन दिवसांत कावीळ. यावर उतारा नाही. मधे एखादा दिवस मांजर सावरल्यासारखं दिसतं, म्हणून फसगत होते.

खरा पाम तेवढा घ्यावा, असा सोपा नियम करता येईल का? तोही टिकत नाही. पोनीटेल पाम हा पाम नाही, तरी निर्धोक. उलट कोकणातला भेरली माड अस्सल पाम, पण त्याच्या फळातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्वचेला आणि तोंडाला आग आणतात. म्हणून कुंडीवरच्या चिठ्ठीतलं शास्त्रीय नावच पाहायला हवं. सायकस रेव्होल्युटा लिहिलं असेल, तर ती कुंडी घेऊ नये.

‘आमचं मांजर इतकी वर्षं सागोला तोंड लावत नाही,’ असं काही जण म्हणतील. पण नवं पिल्लू आलं, जागा बदलली, कंटाळा आला, की सवय मोडते. कुंडी उंच फळीवर ठेवणं तर मांजराला आमंत्रणच. दुसरा आक्षेप असा, की अरेका खाऊनही मांजर ओकतं. खरं आहे. कुठलंही पान जास्त खाल्लं की पोट बिघडतं, कधी मातीतलं खत किंवा फवारलेलं औषधही कारण असतं. ते त्रासदायक आहे, पण यकृत निकामी होण्याशी त्याची बरोबरी करून सगळेच पाम घराबाहेर काढायचं कारण नाही.

सागो चावल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नका. पशुवैद्यांना किंवा एएसपीसीएच्या विषबाधा केंद्राला ८८८-४२६-४४३५ वर लगेच फोन करा. त्यासाठी शुल्क पडू शकतं. स्वतःच्या मनाने उलटी करवू नका. उरलेल्या पानाचा तुकडा पिशवीत घालून दवाखान्यात न्या, आणि ते साधारण किती वाजता खाल्लं ते सांगा.