हृदयाची लय, यंत्राची निवड आणि दात्याचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. औषधदानाची व्याप्ती आता रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या उपकरणांपर्यंत पोहोचली आहे. मात्र अशा प्रसंगी यंत्राची किंमत आणि दात्याच्या नावाची पाटी यांची जितकी चर्चा होते, तितकी यंत्राच्या उपयोगाची होत नाही. हृदयाच्या लयीच्या तपासणीसाठी वापरले जाणारे ‘कार्डिॲक स्टिम्युलेटर’ हे यंत्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

हृदयाचे ठोके विजेच्या अतिसूक्ष्म संदेशावर पडतात. हा संदेश उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातील साइनस नोडमध्ये उगम पावतो, एव्ही नोड या मधल्या गाठीत क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो. काही व्यक्तींत या मधल्या गाठीपाशी संदेशाला दोन वाटा असतात, एक जलद व दुसरी संथ. अवेळी आलेला एखादा ठोका संथ वाटेने खाली जाऊन जलद वाटेने परत वर फिरतो, चक्र सुरू होते आणि नाडी एकाएकी मिनिटाला दीडशेच्याही पुढे धावू लागते. रुग्ण घाबरून दवाखाना गाठतो, तोवर धडधड थांबलेली असते आणि ईसीजी निर्दोष येतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून घरच्यांनीही त्याची तक्रार सोडून द्यावी, असे घडते.

या अदृश्य दोषाला प्रकट करण्याची रीत १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमचे ड्यूरर आणि पॅरिसचे कूमेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन त्यांतून मोजूनमापून विजेचे स्पंद द्यावयाचे, ही ती रीत होय. उदाहरणार्थ, ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने आठ स्पंद दिल्यावर नववा ४०० मिलिसेकंदांवर, म्हणजे वेळेआधीच दिला जातो. पुढच्या फेरीत ३९०, नंतर ३८० असे अंतर कमी करीत नेले जाते. एका टप्प्यावर जलद वाट संदेश नाकारते, संथ वाट तो स्वीकारते आणि दोष उघड होतो. बहुतेक वेळा त्याच यंत्राच्या स्पंदांनी हे चक्र थांबविताही येते. त्यानंतर दोषाची जागा निश्चित करून ती रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करण्याचा उपचार करता येतो.

हे यंत्र म्हणजे पेसमेकर नव्हे. पेसमेकर मंद हृदयाला आधार देतो. स्टिम्युलेटर तपासणीपुरता वापरला जातो व रोग जाणूनबुजून क्षणभर जागा करतो. म्हणूनच त्याची निवड व वापर या दोन्हींत असाधारण दक्षता हवी.

साधूंच्या पाच समितींपैकी एषणा समिती ही पारखून स्वीकारण्याची, तर आदान-निक्षेपण समिती ही वस्तू जपून उचलण्या-ठेवण्याची शिकवण देते. उपकरणाच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो.

प्रथम निवड. या यंत्राची तार थेट हृदयात असल्यामुळे त्वचेला जाणवणारही नाही इतका गळतीचा प्रवाह तेथे प्राणघातक ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या, ‘सीएफ’ प्रकारच्या भागातून रुग्णाकडे होणारी गळती सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे एका अँपिअरच्या लाखाव्या भागाच्या आत असावी लागते. चौकोनातील हृदयाचे चिन्ह ही त्याची खूण होय. वीज गेल्यास यंत्र बॅटरीवर चालावे, संगणक बंद पडला तरी एका बटणाने ठराविक गतीचे स्पंद मिळावेत आणि रुग्णालयातील नोंदयंत्राशी त्याची जोडणी व्हावी, हेही पाहावयास हवे. कापडाची पारख जशी वेष्टनावरून होत नाही, तशी यंत्राची पारख झगझगीत पडद्यावरून होत नाही. देखभालीचा करार, सुटे भाग आणि दुरुस्तीस येणारा तंत्रज्ञ यांची खात्री खरेदीपूर्वीच करावी.

नंतर वापर. खालच्या कप्प्यांना अतिजलद स्पंद दिले गेल्यास हृदयाची लय पूर्णतः बिघडू शकते. म्हणून डिफिब्रिलेटर तयार स्थितीत जवळ असल्याशिवाय ही तपासणी होता कामा नये. स्पंद देण्यापूर्वी कोणत्या तारेतून, किती बळाचे व किती अंतराने ते जाणार, हे प्रत्येक वेळी पडताळले पाहिजे. प्रत्येक धडधडीला ही तपासणी लागत नाही. ती कोणाला करावी, हा निर्णय हृदयाच्या विद्युत्-क्रियेच्या तज्ज्ञांचाच असतो.

येथेच दात्याच्या विवेकाची कसोटी लागते. तज्ज्ञ, कॅथ लॅब, नोंदयंत्र व प्रशिक्षित परिचारिका यांतील काहीच जेथे नाही, तेथे स्टिम्युलेटर देणे म्हणजे कपाटात परिग्रह वाढविणे होय. अशा ठिकाणी गरजू रुग्णाला सुसज्ज केंद्रात पाठवून त्याच्या तपासणीचा व उपचाराचा खर्च उचलणे हेच खरे औषधदान ठरेल, मग त्यावर कोणाचे नाव कोरले जावो वा न जावो. जेथे हे सर्व आहे व केवळ यंत्राची उणीव आहे, तेथे मात्र हात आखडता घेऊ नये. विश्वस्तांनी प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न प्रथम विचारावा: हे यंत्र कोण चालविणार आणि कोणासाठी?

अकारण येणाऱ्या धडधडीच्या भयातून एखाद्या जीवाची सुटका झाली, तर ते औषधदान अभयदानही ठरते. पन्नास वर्षांच्या सेवेनंतर पुढील वाटचालीत जयणापूर्वक दानाचा हा विचार रुजावा, हीच मंगल कामना.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!