भिंत पाडण्यापूर्वी



आमच्या धंद्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. घराची अंतर्गत रचना करणारा माणूस म्हणजे पडदे, सोफे आणि भिंतींचे रंग निवडून देणारा कोणी हौशी गृहस्थ, असे पुष्कळांस वाटते. ती कामे आम्ही करतो हे खरे. पण ती शेवटची कामे होत. पहिले काम निराळे आहे. घरात कोण राहते, कोण केव्हा उठते, पाणी कोठून कोठे वाहून न्यावे लागते, म्हातारे माणूस रात्री किती पायऱ्या उतरते, हे पाहिल्यावाचून टेपपट्टीला हात लावण्यात अर्थ नाही. आज जुने राहते घर नवे करताना काय राखावे आणि काय बदलावे, एवढ्यापुरतेच बोलावयाचे आम्ही योजिले आहे. कारण गोदाकाठच्या गावांतून हा प्रश्न सध्या घरोघर पडलेला आहे.

या कोरड्या पट्ट्यातील जुने घर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. रस्त्याकडेला ओटा, आत ओसरी, मग चौक, पुढे माजघर, त्यालगत देवघर व स्वयंपाकघर, आणि मागे परस. घराचे मोठेपण फुटांनी नव्हे, खणांनी सांगत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. आणि खोली किती रुंद व्हायची हे मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरे. वर माळवद, म्हणजे कड्या, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती वैशाखातले ऊन अडवी, म्हणून दुपारी घरात झोप लागे. परंतु माजघर अंधारे असे. तेथे भर दिवसाही दिवा लावावा लागे, आणि बायकांचे अर्धे आयुष्य त्या अंधारात व चुलीच्या धुरात जाई. ही गोष्ट विसरून वाड्यांचे नुसतेच गोडवे गाणे आम्हांस पसंत नाही. बदल हवाच. प्रश्न आहे तो कोणता बदल आणि कोणत्या क्रमाने, हा.

आज घर नवे करावयाचे म्हटले की पहिली सूचना येते, ‘मधली भिंत काढून मोठा हॉल करा.’ चांगदेवांची समाधी ज्या गावात आहे तेथे भिंतीविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवांनी भिंत चालविली, ही कथा येथे लहान मुलासही ठाऊक आहे. तिचा अर्थ संतमंडळी सांगतील. आम्ही गवंड्याच्या भाषेत एवढेच म्हणू की त्या भिंतीवर चार भावंडे बसली होती, छप्पर नव्हते! आपल्या माजघराच्या भिंतीचे तसे नाही. तिला हलविण्यापूर्वी तिच्या डोक्यावर काय आहे ते पाहावे लागते.

हे पाहावे कसे? माळवदाचे घर दोन तऱ्हांचे असते. एकात तुळया लाकडी खांबांवर टेकलेल्या असतात. तेथे भिंत बहुधा आडोशापुरती असते. दुसऱ्यात तुळया सरळ भिंतीतच घुसविलेल्या असतात. तेथे ती भिंत म्हणजेच खांब. अलीकडच्या सिमेंटच्या घरांतही हाच भेद आहे. खांब, तुळई व स्लॅब यांचा सांगाडा असेल तर मधल्या विटांच्या भिंतीला पुष्कळदा हात लावता येतो. पण विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकविला असेल तर एक भिंत काढणे म्हणजे घराचा पाय काढणे होय. तेव्हा आधी जाणत्या अभियंत्याला दाखवावे, मग घण उचलावा.

हा भित्रेपणा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य स्वतःच्याच घराखाली चिरडली गेली. जाड दगडमातीच्या भिंती, आतला व बाहेरचा थर एकमेकांस न बांधलेला, आणि वर मातीचे प्रचंड ओझे, अशी ती घरे होती. गळती लागली की धाब्यावर आणखी माती टाकावयाची, ही रीत आपल्याकडेही होती. प्रत्येक पावसाळ्यागणिक डोक्यावरचा भार वाढतच जाई. म्हणून माळवद राखावयाचे ठरविलेत तर पहिले काम रंगाचे नाही. जास्तीची माती उतरवावी, कुजलेल्या कड्या बदलाव्यात, आणि भिंतीच्या दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड जागोजाग बसवावेत.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घरही तिच्याबरोबर हलते. दरवर्षी त्याच जागी भेग पडते, आणि दरवर्षी आपण तिच्यात सिमेंट भरतो. भिंतीच्या बुडाशी मोरीचे वा पन्हळीचे पाणी मुरत असेल तर ते आधी दूर न्यावे. जुन्या दगडमातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावाही करू नये. आतली ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि पोपडे सुटतात. तेथे चुन्याचाच गिलावा बरा; तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

आता स्वयंपाकघर. चूल गेली, गॅस आला, आणि बसून करावयाचे काम उभ्याने होऊ लागले. पण ओट्याची उंची मात्र गवंडी ठरवितो, आणि तो बहुधा पुरुष असतो! ओट्याचे माप पुस्तकातून घेऊ नये. जी बाई तेथे रोज उभी राहणार, तिने हात कोपरात वाकवावा, आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. धुणे, चिरणे, शिजविणे या तीन जागा ओळीने लागाव्यात. शेगडीजवळ खिडकी हवी, तीही खरोखर उघडणारी. या मापासाठी एक पैसाही जास्त पडत नाही. ते न घेतल्यास मात्र वीस वर्षे पाठ दुखते.

वृद्धांसाठी खर्च थोडा आणि गुण मोठा. न्हाणीघराची फरशी खडबडीत असावी, धरावयास भिंतीत पक्का दांडा असावा, उंबरा असेल तर त्याचा रंग फरशीहून निराळा असावा. चकचकीत फरशी पाहुण्यांना आवडते आणि आजीला पाडते.

माळवद काढून स्लॅब घालणारांस एवढेच सांगणे की स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओततो. त्यावर दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा, किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. पश्चिमेच्या भिंतीला झाडाची वा पडवीची सावली द्यावी. आणि समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. वातानुकूलन यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

शेवटी ओट्याविषयी, दारापुढच्या ओट्याविषयी. हॉल वाढविण्यासाठी सर्वांत आधी त्याचाच बळी जातो. त्याची घरपट्टीत किंमत थोडी. पण वाटसरू तेथे टेकतो, म्हातारा तेथे सकाळ घालवितो, शेजाऱ्यांचे भांडण तेथे मिटते. २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची हाक या गावाने दिली आणि ती राज्यभर ऐकू गेली. अशा गोष्टी बंद दाराच्या हॉलमध्ये ठरत नाहीत. त्यांना चार माणसे सहज जमण्याची जागा लागते. नक्षीचे खांबही शहरातील कोणी उपाहारगृहासाठी मागावयास आला तर घाईने देऊ नयेत. नव्या घराच्या ओसरीत ते पुन्हा उभे करता येतात.

घर नवे करावयाचे मनात असेल त्यांनी उद्यापासून आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावे: कोण कोठे बसले, कोठे अडखळले, कोणत्या कोपऱ्यात दिवसा दिवा लावावा लागला. ती वही घरातल्या बायकांनी लिहावी, आणि अभियंत्याला व गवंड्याला आधी तीच दाखवावी.