आकडी लहान, भार मोठा

(नाताळ विक्रीच्या तयारीसाठी जमलेल्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर आपल्या बहिणी बांबूच्या पट्ट्यांना गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढतात. ही चित्रे आपण नाताळच्या झाडाला टांगतो. चित्रांचे कौतुक सगळेच करतात. आज मी ती ज्यावर टांगली जातात त्या आकडीविषयी बोलणार आहे.

आकडी सुटून वस्तू खाली पडली की घेणाऱ्याला चित्र आठवत नाही, माल कच्चा निघाला एवढेच आठवते. कीव येऊन माणूस एकदा खरेदी करतो. माल टिकला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो आणि बहिणींची मजुरी त्या दुसऱ्या खरेदीवर चालते.

निर्गमाचा २६वा अध्याय काढून पाहा. निवासमंडपाचे पडदे जोडायला सोन्याच्या ५० आकड्या आणि वरच्या बकऱ्याच्या केसांच्या पडद्यांना पितळेच्या ५० आकड्या, अशी संख्याही देवाने मोशेला सांगितली. ३८व्या अध्यायात तर १,७७५ शेकेल चांदी खांबांच्या आकड्या, त्यांचे वरचे भाग मढवणे आणि बांधपट्ट्या यांना लागली, असा चोख हिशोब आहे. पवित्र शास्त्र आकडीचा हिशोब ठेवते, तर आपल्या वहीत तिची एक ओळ का नसावी?

शहरातून तयार आकड्यांची पाकिटे आणली की तो पैसा पाड्याबाहेर जातो. आकडी पाड्यावरच बनवता येते. जस्ताचा मुलामा असलेली जी.आय. तार किंवा तांब्याची तार, साधारण २० गेजची घ्यावी. सळया बांधायची काळी तार स्वस्त असते, पण किनाऱ्याच्या दमट हवेत ती गंजते आणि पांढऱ्या चित्रावर डाग पडतो. जुन्या वायरीतले तांबे हवे असेल तर वायर जाळू नये, तो धूर विषारी असतो. सुरीने आवरण सोलावे.

सुमारे ८ सें.मी. तार कापावी. एक टोक खिळ्याभोवती वळवून पक्कडीने घट्ट मिटवावे, दुसरे पेन्सिलीभोवती वळवून उघडे ठेवावे. टोके कानशीने घासावीत, लहान मुलांचे हात लागतात.

बांबू रेषेच्या दिशेने फाटतो. म्हणून त्यात स्क्रूची कडी थेट पिळू नये. काठापासून थोडे आत गिरमिटाने बारीक भोक पाडून त्यात तारेची कडी ओवावी आणि त्या कडीत आकडी अडकवावी. मातीच्या चांदणीला भोक ओली असतानाच पाडावे, आणि थोडे मोठे, कारण माती वाळताना व भाजताना आकसते. शेवटी प्रत्येक घाणीतल्या दोन-चार वस्तूंना तिप्पट वजन बांधून रात्रभर टांगून ठेवावे. सकाळी कडी जागेवर असेल तरच माल बांधावा.

आपल्याकडे माझे मागणे थोडे आहे. घरात पडून असलेली पक्कड, कानस, गिरमीट द्या. विक्रीचा दर ठरवताना चित्राची मजुरी वेगळी आणि आकडीची मजुरी वेगळी लिहा. ज्या बहिणीचा हात चित्रावर बसत नाही, तिलाही मग तार वळवून चार पैसे मिळतील. आणि किंमत ऐकून कुणी घासाघीस केली, तर त्याच्या हातात ती आकडी द्या आणि ती कशी बनते ते सांगा.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो.