दाखल्यावरचे कारण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरचा जमाखर्च रोज लिहिते, त्यामुळे आकड्यांचे भय वाटत नाही. आज एका आकड्याविषयीच बोलणार आहे.

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या ऑगस्टअखेर, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी गाजली. कोरोनाची नोंद असलेल्या मृत्यूच्या दाखल्यांपैकी शेकडा ६ दाखल्यांवर तेवढे एकच कारण होते. बाकीच्यांवर सरासरी २.६ कारणे आणखी होती. झाले! आवई उठली, की कोरोनाने खरे गेले ते शंभरात सहाच; बाकीचे आपल्या जुन्या दुखण्यांनी गेले.

पण ही आणखी कारणे कोणती? त्यांत मधुमेह व रक्तदाब होता, हे खरे. पण न्यूमोनिया आणि श्वास निकामी होणे हीही होती. ती बहुधा कोरोनानेच ओढवलेली. डॉक्टर दाखल्यावर साखळी लिहितात: श्वास थांबला न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया झाला कोरोनामुळे. साखळी जेथून सुरू होते ते मूळ कारण. मधुमेहासारखे जुने दुखणे दुसऱ्या भागात निराळे लिहायचे असते.

पुरात जुन्या भिंतींचे घर पडले, तर पंचनाम्यात कारण पूरच लिहितात. भिंत जुनी होती म्हणून पूर आलाच नव्हता, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही सरकारी पत्रकात ‘७० टक्क्यांहून अधिक मृत्यू सहव्याधींमुळे’ असे येत असे. वास्तविक मधुमेह, दमा यांनी धोका वाढतो, पण त्यांना मूळ कारण धरू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्येच सांगितले होते.

आमच्या आळीतल्या एका बाईचे यजमान २०२१ साली गेले. साखरेची गोळी घेऊन रोज टेम्पो चालवणारा धडधाकट माणूस. दाखल्यावर आले, ‘हृदय बंद पडले’. लोक म्हणाले, “साखर होती ना, मग व्हायचेच.” त्या बाईला जाण्याच्या दुःखाहून हे बोलणे अधिक लागले. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही एवढ्याच सबबीवर ५० हजारांचे साहाय्य नाकारू नये. तपासणीचा कागद तिने जपून ठेवला होता, तो कामी आला.

या मांडवात साखरेची, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या कितीजणी आहोत! आपण स्वयंपाक करतो, नातवंडे सांभाळतो, मंडळाच्या पापडांची ऑर्डर पुरी करतो. उद्या साथ आली, तर आपला जीव हिशेबातून आधीच वजा का व्हावा?

म्हणून एक विनंती. २०२३ च्या सुधारित कायद्याने रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकास द्यायची आहे. दुःखात असलो तरी ती मागून घ्यावी, कोणाकडून तरी वाचून घ्यावी, न कळेल ते डॉक्टरांना विचारावे. तपासणीचे कागदही रद्दीत जाऊ देऊ नयेत.