खाणावळीचा हिशोब : आधी आपली मजुरी मांडा

(वसई-विरार परिसरातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



‘आम्हा चौघींना खाणावळ काढायचीय, किती पैसे लागतील?’ असं तुमच्यापैकी काहीजणींनी विचारलंत. उत्तर आपण मिळूनच काढू. वही उघडा. आकडे मी समजुतीसाठी धरतेय. तुमचे तुम्ही नालासोपारा, वालीव, विरारला चार गाळे पाहून, जुन्या भांड्यांचे भाव विचारून भरा.

पहिलं पान एकदाच होणाऱ्या खर्चाचं. समजा, गाळ्याचं डिपॉझिट 75,000, भांडी, शेगड्या, बाकडी 60,000, नळ, वायरिंग, मोरी, पाण्याची टाकी 30,000, नोंदणी-परवाने 5,000, पहिला किराणा 10,000. झाले 1,80,000. बहुतेकजणी इथेच वही मिटतात. घात इथेच होतो.

दुसरं पान दरमहाचं. भाडं 15,000, वीज-पाणी 5,000. टँकर मागवावा लागला तर हा आकडा वाढेल. आणि चौघींची मजुरी? ‘आमची कसली मजुरी, घरचंच काम!’ असं म्हणू नका. प्रत्येकी 10,000 धरा, म्हणजे 40,000. एकूण 60,000.

ताट 90 रुपयांना विकलं, त्यात किराणा आणि गॅस 50 चा गेला, तर हाती 40. म्हणजे महिन्याला 1,500 ताटं. 25 दिवस धरले तर रोज 60. पण पहिल्या दिवशी 60 गिऱ्हाइकं येत नाहीत. तीन महिने रोज 30 च ताटं गेली, तर दरमहा 30,000 ची तूट, तिन्ही महिन्यांची 90,000. हा खर्चही सुरुवातीचाच! म्हणजे भांडवल लागतं 2,70,000. हे आधी मांडलं नाही, तर तूट कोण भरतं? आपणच. फुकट राबून, नाहीतर मंगळसूत्र गहाण टाकून. शिवाय कर्ज काढलंत, तर हप्त्याच्या दर हजार रुपयांमागे रोजचं एक ताट वाढवा. आणि श्रावणात मासळीचं ताट कमी जातं, तेही लिहून ठेवा.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका वर्षानुवर्षं कामगारांना जेवू घालत होत्या आणि किराण्यासाठी सावकाराचं व्याज भरत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक त्यांना येतच होता. नव्हती ती पत. आज मुद्रा योजनेतून 50,000 पर्यंतचं ‘शिशु’ कर्ज मागता येतं. पण बँकेत जाताना ही दोन पानं सोबत हवीत.

आणखी तीन गोष्टी. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही. 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, त्याचा भाव धरा. अन्न सुरक्षेची नोंदणी लहान धंद्यालाही सक्तीची आहे. आणि गाळ्याचा करार, डिपॉझिटची पावती, बँकेचं खातं कुणाच्या नावावर? कर्ज बाईच्या नावावर आणि गाळा नवऱ्याच्या, असं झालं तर भांडणाच्या दिवशी हप्ता तिच्याकडे राहतो आणि डिपॉझिट त्याच्याकडे जातं.

साठ ताटांचा भरवसा वाटत नसेल, तर आधी घरूनच डबे द्या, वीसपासून सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही. मात्र त्या विसांतही आपली मजुरी धरा. जो धंदा बाईच्या फुकट श्रमावरच टिकतो, तो फायद्यात नसतो. त्याचा तोटा फक्त वहीत दिसत नाही.